डान्स आणि स्टेज प्रॉडक्शनचा क्लास: नववीतल्या मुलीला घालावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कांदिवलीच्या एका ताईंची मुलगी आता नववीत जाईल, लहानपणापासून भरतनाट्यम शिकतेय, गांधर्वच्या परीक्षा चालू आहेत, आणि आता म्हणतेय की मला नुसतं नाचायचं नाही, लाइट, म्युझिक, अख्खा शो कसा उभा राहतो ते शिकायचंय. घराजवळच्या एका क्लासने आठवी ते दहावीच्या मुलांसाठी डान्स आणि स्टेज प्रॉडक्शनचा वर्षभराचा कोर्स काढलाय, शेवटी मोठ्या नाट्यगृहात शो. फी बरीच आहे. हे नुसतं नाव मोठं आहे की खरंच काही शिकवतात, दहावीचं काय होईल, आणि यातून पुढे काही आहे का, असं त्यांनी विचारलंय.

मी कथक शिकवते आणि बरीच वर्षं शाळांची गॅदरिंग आणि विद्यार्थ्यांचे नृत्याचे कार्यक्रम बसवते, त्यातही विंगेत उभं राहून शो चालवायचं काम माझ्याकडे जास्त असतं, त्यामुळे जरा लांबलचक लिहितेय, सवडीने वाचा.

ताई, मुलीला घाला, पण पैसे भरायच्या आधी क्लासला एकच प्रश्न विचारा: शो चालू असताना क्यू, म्हणजे लाइट-म्युझिक बदलायचा इशारा, कोण देतं? उत्तर आलं की "लाइटवाले आहेत ना आमचे, म्युझिक सर बघतात, मुलांनी फक्त छान नाचायचं", तर तो डान्स क्लासच आहे, चांगला असेलही, पण मग डान्स क्लासचीच फी द्या. आणि उत्तर आलं की मुलं क्यू देतात, आम्ही पाठीमागे उभे असतो, तर तिथे तिला खरंच काहीतरी मिळेल. स्टेजचं काम शिकायचा दुसरा रस्ता मला तरी माहीत नाही. जबाबदारी मुलाच्या हातात असली पाहिजे आणि त्याने ती वेळेवर नाही केली तर स्टेजवर ते दिसलं पाहिजे, वहीत प्रकाशयोजनेच्या नोट्स उतरवून घेऊन काही होत नाही.

क्यू म्हणजे काय ते जरा सांगते म्हणजे तुम्हाला क्लासमध्ये बघताना कळेल. प्रत्येक शोची एक क्यू शीट असते, त्यात क्यूचा नंबर, तो कुठे पडतो, काय बदलतं आणि किती सेकंदात बदलतं एवढंच लिहिलेलं असतं. म्हणजे समजा क्यू ७, थाट संपून आमद (कथकचे सुरुवातीचे भाग) सुरू होते तिथे, मागचा निळा खाली आणि बाजूचे लाइट वर, ५ सेकंदात. ही शीट हातात घेऊन एक मुलगी विंगेत किंवा मागे कंट्रोल रूममध्ये बसते, थोडं आधी "लाइट ७ स्टँड बाय" म्हणते आणि बरोबर जागेवर "गो". आता मजा बघा, तिहाईच्या (तीनदा म्हटला जाणारा बोलांचा तुकडा) शेवटच्या 'धा'वर लाइट बदलायचा असेल तर 'गो' त्या 'धा'वर म्हणून चालत नाही, कारण तिच्या तोंडून शब्द निघून ऑपरेटरचं बोट हलेपर्यंत क्षण जातो, आणि जुने हॅलोजनचे लाइट असतील तर ते पेटायलाही किंचित वेळ घेतात, एलईडी मात्र झटक्यात लागतो. त्यामुळे ते 'गो' समेच्या केसभर आधी पडायला लागतं. हे शिकवून येत नाही, तालमीत पुन्हा पुन्हा करून अंगात बसतं. आणि म्हणूनच तुमच्या मुलीसारखी, जिच्या पायात ताल आहे, जिला जती (नाचाच्या बोलांचा तुकडा) कधी संपणार हे मोजावं लागत नाही, ती या कामाला फार लवकर तयार होते. माझ्याकडे सगळ्यात चांगले क्यू देणाऱ्या मुली नाचणाऱ्याच होत्या. त्यामुळे आजवरचं भरतनाट्यम वाया जाईल ही भीती पहिल्यांदा मनातून काढा.

दुसरं म्हणजे बॅकस्टेज. पालक प्रेक्षकात बसतात त्यामुळे त्यांना हे कधी दिसतच नाही. एक नाच संपतो, मुलगी उजव्या विंगेत येते, पुढच्या नाचाला दुसरा पंखा (ड्रेसचा पुढचा चुण्यांचा भाग) आणि दुसरा कंबरपट्टा, मध्ये मिनिटभराचं निवेदन, बास. तिथे आधीपासून तीन मुली उभ्या असतात, एकीच्या हातात खाली धरलेला टॉर्च, दुसरी पाठीमागचे हूक सोडते, तिसरी नवा पट्टा उघडून गुडघ्यावर बसलेली, आणि जिचा नाच आहे तिने फक्त हात जरा वर धरून उभं राहायचं आणि श्वास घ्यायचा, स्वतः एका हूकलाही हात लावायचा नाही, कारण दमलेले हात थरथरतात आणि दोघींची बोटं एकाच हूकवर येऊन तिथेच वेळ जातो. सेफ्टी पिना कुणाच्या ड्रेसला टोचलेल्या असतात, काढलेला पंखा कुठल्या पिशवीत जातो, सगळं ठरलेलं. ही एक मिनिटाची गोष्ट पंधरा-वीस वेळा तालीम करून बसवावी लागते, आणि ती ज्या क्लासमध्ये रंगीत तालमीच्या दिवशी पहिल्यांदा होते तिथे शोला गोंधळ ठरलेलाच. म्हणून विचारा की कपडे बदलायची तालीम कधी घेता. चांगला क्लास लगेच सांगेल.

वयाचं म्हणाल तर तेरा ते सोळा हे यासाठी अगदी योग्य वय आहे असं माझं ठाम मत आहे. त्याहून लहान मुलांना अंधारात शांत उभं राहणं जमत नाही, आणि अकरावीनंतर क्लासेस, सीईटी वगैरेमध्ये हे नव्याने शिकायला वेळच उरत नाही. या वयात मुलं एकमेकांच्या शब्दाला किंमत द्यायला शिकतात, नववीतली मुलगी दहावीतल्या मुलाला "आता जा" म्हणते आणि तो निमूट एन्ट्री घेतो, हे स्टेजशिवाय कुठे बघायला मिळणार! बुजरी मुलं तर यात इतकी खुलतात, ज्यांना स्टेजवर यायचंच नसतं पण मागे राहून अख्खा शो तोंडपाठ असतो, अशा मुलांना शाळेत कधी कुणी टाळी देत नाही, इथे मात्र सगळा डोलारा त्यांच्यावर असतो. असं मूल मी बघते तेव्हा मला अजूनही भरून येतं.

आता क्लास बघायला जाल तेव्हा जमीन बघा, खाली. मुंबईत जागेची बोंब, त्यामुळे निम्मे क्लास सोसायटीच्या हॉलमध्ये नाहीतर गाळ्यात, खाली लादी आणि त्याखाली काँक्रीट. त्यावर रोज अनवाणी पाय आपटून आपटून नडगी, टाच, गुडघे दुखायला लागतात, आणि या वयात हाडं भराभर वाढत असतात त्यामुळे गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखणं अगदी कॉमन आहे, डॉक्टर त्याला ऑसगुड श्लाटर म्हणतात. बहुतेक वेळा विश्रांतीने आणि व्यायामाने बरं होतं पण दुखणं दाबून नाचायचं नाही, ऑर्थोपेडिककडे किंवा फिजिओकडे जायचं. लाकडी फ्लोअर असेल तर उत्तम, निदान लादीवर जाड मॅट आणि नीट वॉर्मअप हवाच. "आमच्या वेळी आम्ही फरशीवरच नाचलो" असं म्हणणाऱ्या शिक्षकांकडे गुडघे सोपवू नका.

आरशाचंही बघा. क्लासमध्ये समोर भिंतभर आरसा असतो, मुलं स्वतःला बघून बघून लाइनीत उभी राहायला शिकतात आणि मग स्टेजवर समोर काळाकुट्ट अंधार, आरसा गायब, की लगेच रांगा वाकड्या. आम्ही शोच्या आधी दोन-तीन आठवडे आरशावर सरळ पडदा टाकतो. शिवाय ज्या नाट्यगृहात शो आहे तिथलं माप आणून क्लासच्या जमिनीवर टेपने स्टेज आखतो, मध्यरेषा, विंगा कुठे, सायकपर्यंत (स्टेजच्या मागच्या मोठ्या पडद्यापर्यंत) किती जागा, सगळं. जागा कमी पडली तर अर्धं स्टेज आखा, पण आखा. हे काम मुलांकडूनच करून घ्यायचं, फूटपट्टी आणि खडू घेऊन दोन तास बसली की त्यांना स्टेज कायमचं कळतं.

मोठ्या नाट्यगृहाचं आमिष मात्र बाजूला ठेवा. दीनानाथ असो, शिवाजी मंदिर असो की बोरिवलीचं ठाकरे नाट्यगृह, नाव ऐकून आजी-आजोबा खूश होतात हे खरं, पण ही नाट्यगृहं सत्रावर मिळतात, सुट्टीचे दिवस व्यावसायिक नाटकं घेऊन जातात, आणि तुम्हाला मिळालेल्या चार-पाच तासांत लाइट लावणं, फोकस, मुलांना जागा दाखवणं, लाइट-साउंडसकट टेक्निकल तालीम आणि वर शो, असं सगळं कोंबावं लागतं. मग घाई होते आणि पहिला बळी कुणाचा, तर मुलांच्या शिकण्याचा. लाइटवाला म्हणतो बाजूला व्हा, मी करतो. म्हणून विचारा, शोच्या आधी त्या स्टेजवर तालमीसाठी वेगळा स्लॉट घेतलाय का. नसेल तर मी म्हणेन शाळेच्या हॉलमध्ये करा पण तीन दिवस हॉल ताब्यात घेऊन करा. दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये १९७० च्या दशकात मराठी प्रायोगिक रंगभूमीची अख्खी चळवळ उभी राहिली, तिथे कुठे झुंबरं होती.

फोकसच्या वेळचं एक सांगायचं राहिलं. लाइट लावताना कुणीतरी मार्कवर, म्हणजे नाचणाऱ्याच्या ठरलेल्या जागेवर, उभं राहावं लागतं म्हणजे शिडीवरच्या माणसाला कळतं की उजेड चेहऱ्यावर पडतोय की कपाळावर. आम्ही तिथे मुलांना उभं करतो आणि आळीपाळीने प्रेक्षकात पाठवतो, जा, बघून ये. मग त्यांना डोळ्यांनी दिसतं की नुसता समोरून उजेड टाकला तर नाचणारं शरीर सपाट चिकटवल्यासारखं दिसतं आणि विंगेतून बाजूचा लाइट मारला की हात, कंबर, अरमंडीचा (भरतनाट्यममधली गुडघे वाकवून बसलेली मुद्रा) कोन सगळं सुटं होऊन उठून येतं. नाटकात चेहरा दिसला पाहिजे म्हणून समोरचे लाइट लागतात, नाचाला बाजूचे लागतात, हा फरक मुलं एकदा बघून कधी विसरत नाहीत. तसंच रंगाचं, लाल साडीवर गडद हिरवा लाइट टाकला की ती काळपट पडते, म्हणून भुलेश्वरला कापड घ्यायला जायच्या आधी लाइटचे रंग ठरलेले हवेत, निदान लाइट आणि कपडे बघणाऱ्या मुलांनी एकमेकांशी बोललेलं हवं. शिडीवर मुलांनी चढायचं नाही, डिमरच्या (लाइट कमी-जास्त करायचं यंत्र) वायरींना हात लावायचा नाही, तिथे माणूस मोठाच पाहिजे, यात सूट नाही.

विषय काय निवडतात तेही विचारा. दहा फिल्मी गाणी एकापाठोपाठ लावली तर प्रॉडक्शन शिकवायला त्यात काही उरत नाही, प्रत्येक गाण्याला रंगीबेरंगी एलईडी आणि धूर झाला की संपलं. एक धागा असलेलं अर्ध्या तासाचं काम हवं. नृत्यदिग्दर्शक शांती बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईतच लिटल बॅले ट्रूप सुरू केली, त्यांच्या रामायणात नर्तक कठपुतळ्यांसारखे हलायचे. एकदा कठपुतळी हे ठरलं की चाल, कपडे, मेकअप सगळं त्यातून येतं, मुलांना हे सांगितलं की डोळे चमकतात त्यांचे. आणि तुमची मुलगी भरतनाट्यमची आहे म्हणून सांगते, तंजावरच्या सरफोजी राजांच्या मराठी निरूपणांवर (नृत्यासाठी लिहिलेल्या रचनांवर) मुंबईत आचार्य पार्वतीकुमारांनी मोठं काम केलंय, मराठी शब्दांवरचं भरतनाट्यम, आपल्या मुलांना अर्थ समजावून सांगत बसावं लागत नाही. असा एखादा विषय घेणारे शिक्षक मिळाले तर सोडू नका.

म्युझिकचं थोडक्यात. शाळेच्या कार्यक्रमात शाळेचीच मुलं आणि शिक्षक सादर करतात, प्रेक्षक म्हणून पालक असतात, त्याला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. खाजगी क्लासने तिकीट लावून नाट्यगृहात रेकॉर्डेड गाण्यांवर शो केला तर ती सवलत गृहीत धरता येत नाही, पीपीएल आणि आयपीआरएस या रेकॉर्डिंगचे आणि गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचं लायसन्स बघावं लागतं. हे काम क्लासचं आहे, पण त्यांना हे माहीत आहे का एवढं विचारून बघा, त्यावरून माणूस कळतो. आणि तुमच्या मुलीकडे साउंड आलं तर तिला सांगा, फाइल्स दोन पेनड्राइव्हवर, नावापुढे नंबर टाकून, आणि लॅपटॉपचं नेट बंद.

सुरक्षेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण मी सांगणारच. मुली आणि मुलांच्या खोल्या वेगळ्या, ग्रीन रूममध्ये फोन बंद, कपड्यांची मापं घेताना आणि मेकअपला एक बाई शिक्षिका किंवा आई सतत हजर, एकटं मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर कुठल्याही खोलीत नाही. रील्स टाकायच्या आधी पालकांची लेखी परवानगी. शो रात्री साडेनऊला संपला तर कोण कुणाला घेऊन ट्रेनने जाणार याची यादी आधी तयार असली पाहिजे. मैदानावर कार्यक्रम असेल तर दहाला लाउडस्पीकर बंदच करावा लागतो, बंद नाट्यगृहात तसं नसतं म्हणून शो लांबतो आणि मुलं उशिरा घरी पोचतात, याकडे लक्ष ठेवा. हे विचारल्यावर क्लासवाले चिडले तर तिथूनच परत फिरा.

दहावीचं. नववीत पूर्ण जोर लावू द्या, तेच वर्ष आहे. दहावीत प्रॉडक्शन दिवाळीच्या आत संपणारं असेल तरच घ्या, कारण त्यानंतर प्रिलिम आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड. पण रियाज पूर्ण बंद करू नका, आठवड्यातून दोनदा तासभर तरी अंग हलू दे, अभ्यासाला उलट मदतच होते. वाढीव गुणांबद्दल एक गैरसमज असतो म्हणून सांगते, दहावीला ते शास्त्रीय नृत्याच्या मान्य संस्थांच्या परीक्षांवर मिळतात, प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत जावा लागतो, नियमही अधूनमधून बदलतात म्हणून त्या वर्षीचं बोर्डाचं परिपत्रक शाळेतून बघून घ्या. स्टेज प्रॉडक्शनच्या खाजगी सर्टिफिकेटला गुण नाहीत, क्लास तसं म्हणत असेल तर खोटं सांगतोय.

फीबद्दल, लेखी ब्रेकअप मागा: शिकवणी किती, कॉस्च्युमचं भाडं किंवा शिलाई किती, नाट्यगृह आणि लाइट-साउंडचा हिस्सा किती. शेवटच्या महिन्यात अचानक कॉस्च्युमचे वेगळे, मेकअपचे वेगळे असं मागणारे खूप आहेत. मुलांना तिकिटं खपवायला लावणं मला अजिबात पटत नाही, प्रसिद्धीची टीम करून पोस्टर बनवायला शिकवा, पण नातेवाइकांच्या दारात उभं करू नका. आणि भरतनाट्यमच्या गुरूंना आधी सांगा, विचारा, त्यांना बाहेरून कळायला नको. बहुतेक गुरू आनंदाने हो म्हणतात, फक्त तालमींच्या तारखा त्यांच्या कार्यक्रमांवर येऊ नयेत एवढीच त्यांची अपेक्षा असते.

पुढे काय, तर अकरावीत गेल्यावर मुंबईत हा अनुभव लगेच कामाला येतो. रुईया, रुपारेल, डहाणूकर अशा कॉलेजांत एकांकिकांचं वातावरण आहे, मुंबई विद्यापीठाचा युवा महोत्सव आहे, मल्हार, मूड इंडिगोसारखे फेस्ट आहेत, आणि तिथे नाचणारे ढीगभर मिळतात पण क्यू शीट लिहिता येणारी सतरा वर्षांची मुलगी मिळत नाही, तिला शोधत येतात. बारावीनंतर नृत्यातच डिग्री करायची तर जुहूचं नालंदा नृत्य कला महाविद्यालय आहे, पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नृत्य आणि नाटक दोन्हीत बीए आहे. कलिन्याची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आणि दिल्लीचं एनएसडी (नॅशनल स्कूल ऑफ ड्रामा) पदवीनंतर. पण नववीतल्या मुलीच्या डोक्यात हे आत्ताच भरू नका, तिला अजून आपल्याला लाइट आवडतात की कपडे की माणसं सांभाळणं आवडतं हेच कळायचंय, आणि त्यासाठी वर्षभरात निदान तीन वेगवेगळी कामं तिच्या हाताखालून गेली पाहिजेत. क्लास पहिल्याच महिन्यात "तू साउंड" असं ठरवून टाकत असेल तर बदलून द्यायला सांगा.

डेमो लेक्चरला जाल तेव्हा मुलीला घेऊन जा आणि त्यांचा आधीचा शो कधी झाला, त्यातल्या दोन मुलांशी बोलता येईल का असं विचारा. पालकांशी नको, मुलांशी. मुलीला त्यांच्याशी एकटीला बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा, आणि तिला एवढंच विचारायला सांगा की शोच्या दिवशी तू काय काम केलंस. "मी दुसऱ्या रांगेत होतो" असं उत्तर आलं तर तो मघाशी म्हणाले तोच डान्स क्लास. मूल हातवारे करून विंगेतलं सांगायला लागलं, मग आम्ही लेवल (स्टेजवरचा लाकडी चौथरा) उचलली, मग पडदा अडकला, मग मी टॉर्च दाखवला, आणि थांबायचं नाव घेईना, तर फॉर्म भरा.